चहानंतरची बाजू

मुकुंदा, तू गेलास आणि पंधरा दिवसांच्या आत तुझं मतांतर करण्यात आलं. तलवार लागली नाही की जिझिया लागला नाही. प्रशांतचा मोबाइल आणि हॉलमधला स्पीकर, एवढ्यावर भागलं. इस्लाम जगभर कसा पसरला आणि त्याच्या नावाने उभी राहिलेली साम्राज्यं कशी चालली, हा तुझा जन्माचा विषय. त्यावर तुझं शेवटचं मत काय होतं ते रविवारी तुझ्याच शोकसभेत, तुझ्याच आवाजात सगळ्यांना ऐकवलं. फक्त ते मत तुझं नव्हतं, माझं होतं. तेव्हापासून जी शिसारी आली आहे ती जात नाही. आणि असलं काही झालं की तुलाच सांगायची सवय, म्हणून तुलाच सांगते.

आपली ओळखच भांडणातून झाली. दोन हजार बाराचा गणपती, इथलं न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थचं आपलं चिमुकलं मंडळ, बाहेर नेहमीचा वारा. त्या वर्षी नाटक बसवणारं कुणी नव्हतं म्हणून तुला व्याख्यानाला उभं केलेलं. मांसाच्या कारखान्यात शीतगृहं सांभाळणारा इंजिनिअर बगदादवर बोलणार म्हटल्यावर निम्मे लोक आधीच जेवणाच्या रांगेत जाऊन उभे होते. तू बगदादचे दवाखाने सांगितलेस, ग्रंथांची भाषांतरं करणारे पंडित सांगितलेस, आपल्याकडून तिकडे गेलेलं गणित सांगितलंस. मी हात वर करून विचारलं, "आणि गुलामांचा बाजार कुठल्या पेठेत भरायचा, तेही सांगा की." कुणीतरी घसा खाकरला. तू मात्र इतका खूश झालास की मलाच ओशाळायला झालं. मग उपम्याच्या दोन कागदी ताटल्या घेऊन आलास आणि म्हणालास, "कॉलेजात वादविवाद स्पर्धा केल्यात ना तुम्ही?"

केल्या होत्या. मी सांगलीत, तू नगरला. तुझ्या सरांची एक खोड तू सांगितलीस. सरावात चहा झाला की ते बाजू बदलायला लावायचे. चहाआधी आपली बाजू, चहानंतर समोरच्याची. आणि ती अशी मांडायची की समोरच्याने कबूल केलं पाहिजे, "हो, हेच माझं म्हणणं." तोवर खाली बसायचं नाही. "करूया का?" तू विचारलंस. मी हो म्हटलं, आणि महिन्यातला एक रविवार तुझ्या गराजला लागला.

गाडी बाहेर, हीटर आत, रोलर डोअरला चिकटवलेला जगाचा नकाशा आणि कुणाकुणाच्या घरून आणलेल्या खुर्च्या. तुझी वृंदा मध्येच कपड्यांची बादली घेऊन यायची आणि म्हणायची, "तुमचं ते कॉर्डोबा जरा बाजूला घ्या, मला वॉशिंग मशीनपर्यंत जाऊ द्या." विद्यार्थी यायचे, रिसर्चवाली मुलं यायची, मंडळाचा अध्यक्ष म्हणून प्रशांत यायचा. तुझ्या कारखान्यातले हनीफभाई फिजीचे, त्यांना मराठी ओ की ठो कळत नसे, तरी ते यायचे. वृंदाच्या चहासाठी येतो असं ते म्हणायचे. मला वाटतं, तू बोलताना बघायला यायचे.

तू अरबांच्या वाळवंटापासून सुरुवात केलीस. दमास्कस, बगदाद, स्पेन, वाळवंटापलीकडचं माली, समरकंद, इस्तंबूल, दिल्ली, विजापूर. तुझं म्हणणं थोडक्यात असं की साम्राज्य आणि धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या कधी एकत्र चालल्या, कधी नाही. सुरुवातीच्या खलिफांच्या कारभाऱ्यांना तर लोक मुसलमान झाले की कर बुडायचा म्हणून उलट काळजी वाटायची. जिथे फौजा गेल्या तिथले लोक कित्येक पिढ्या होते त्याच धर्मात राहिले, आणि जावा-सुमात्रात, जिथे कुठला सुलतान फौज घेऊन गेला नाही, तिथे गावंच्या गावं मुसलमान झाली. माझं म्हणणं तुला पाठ होतं. मला किळस यायची. कवट्यांचे मनोरे रचणाऱ्या तैमूरची, देवळं फोडून त्याची मिरवणूक काढणाऱ्या गझनीच्या महमुदाची, खच्ची केलेल्या पोरांची, खेड्यातून उचलून नेलेल्या ख्रिश्चन मुलांची. आणि त्याहून जास्त किळस घुमट दाखवून हे सगळं मागे सारणाऱ्यांची, म्हणजे कधीकधी तुझी. हे मी तोंडावर म्हणाले होते. त्यावर तू म्हणालास, "हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बसून दिवसभर लोकांची थुंकी आणि लघवी तपासतेस, आणि किळस तुला सुलतानांची?"

"थुंकी कुणाला मारून येत नाही," मी म्हणाले. त्यावर तू टाळी दिलीस.

तुझ्या कारखान्यातली ती कत्तलीची ओळ आठवते? कोकरं जिथून टांगून पुढे सरकतात ती सगळी रांग, मूळ इमारतीत फेरफार करून, मक्केच्या दिशेला वळवलेली. तिथे सुरी हनीफभाईंच्या हातात. तू मोठ्या कौतुकाने सांगायचास, "बघ शैला, जगाच्या या टोकाला कुठली फौज आली होती? गोऱ्या मालकाने आपणहून भिंत पाडली." मी म्हणायची, गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाइकाची स्वारी फौजेपेक्षा वाईट. तू म्हणायचास, मग तू इथे कुठल्या स्वारीबरोबर आलीस? तो वाद आपण मिटवला नाही. आपले हे प्रशांतराव मात्र दर उन्हाळ्यात मंडळाच्या पिकनिकला हलालवर बहिष्कार घाला म्हणून भाषण देत. हातात तुझ्याच कारखान्याच्या स्टाफ सेलमधून तुझ्याकरवी आणलेला कोकराचा पाय. तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस. मी सांगायला निघाले तर माझा हात दाबून म्हणालास, "खाऊ दे गं. जेवताना माणसाला बोलू नये." मला तेव्हाही तुझा राग आला होता. सांगितलं असतंस तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

आणि मग तो इस्तंबूलचा रविवार. तुर्की घराण्यात एके काळी रीत होती, नवा सुलतान गादीवर बसला की त्याच्या भावांना मारून टाकायचं. राजाचं रक्त सांडायचं नाही म्हणून दोरीने. त्यात तान्ही मुलंही. चहाआधी तू राज्यशास्त्र सांगितलंस. घराण्यात यादवी झाली की लाखो माणसं मरतात, त्यापेक्षा हे बरं असा त्यांचा हिशोब होता, तो आपल्याला भयंकर वाटतो, पण त्या काळातल्या इतर सगळ्या सिंहासनांच्या पायऱ्याही काही कोरड्या नव्हत्या. मी उठले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. नुसता संताप होता तो, त्याला ना शेंडा ना बुडखा. बोलून झाल्यावर मलाच कळलं की मी हरले आहे.

चहा झाला. तू माझ्या जागी येऊन उभा राहिलास. तुझा आवाज एकदम खाली आला. तू सुलतानाबद्दल बोललाच नाहीस. तू म्हणालास, त्या सगळ्यात धाकट्या राजपुत्राची एक दाई असेल. त्या सकाळी तिने त्याचे केस विंचरले असतील, अंगरखा घातला असेल, कारण त्याला मोठ्या भावाच्या पाया पडायला न्यायचं आहे असं तिला सांगितलं होतं. मूल परत आलं नाही. "दुसऱ्या दिवशी त्या दाईला कुठल्या कामाला लावलं असेल?" तू विचारलंस. "कुणी लिहून ठेवलेलं नाही. ज्या राज्याला हे लिहून ठेवावंसं वाटलं नाही, त्याचे घुमट मला दाखवू नका. मला त्यांची किळस येते." आणि माझ्याकडे बघितलंस. मान हलवून मी म्हणाले, हो, हेच माझं म्हणणं.

मुकुंदा, माझी किळस तू त्या दिवशी मला धुऊन परत दिलीस. माझ्या घरच्यांनी, नवऱ्यानेसुद्धा, तिला नेहमी माझा तापट स्वभाव म्हणून सोडून दिलं. तू एकट्याने तिला मत मानलंस. हे तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी गराजमधून निघताना मी काय म्हणाले? "खुर्च्या आत घे, वारा सुटलाय." बस्स.

कुणीतरी ते रेकॉर्ड करत होतं हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या रविवारी तू जावा-सुमात्रावर बोललास. व्यापारी, मसाले, तिथल्या बायकांशी लग्नं, नव्या नावाची मुलं. मी म्हणाले, सगळं गोड गोड सांगू नकोस, बंदराच्या राजाने धर्म बदलला की प्रजेला विचारतो कोण? वृंदाने चहा गाळायला घेतला आणि कारखान्यातून फोन आला, शीतगृहाचा काहीतरी अलार्म वाजतोय. तू जाकीट चढवत म्हणालास, "माझी बाजू चांगली तयार करून ठेव. मागच्या वेळी दाढ काढायला बसल्यासारखी मांडली होतीस." मी म्हणाले, दाढच आहे ती. चहा न घेताच गेलास. त्याच आठवड्यात, कामावरच, छातीत कळ येऊन तू गेलास.

आता रविवारचं ऐक. प्रशांतबद्दल एक गोष्ट आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील शैला एकतर्फी बोलते. तुझं सगळं त्यानेच केलं. अंत्यसंस्काराची वेळ ठरवली, वृंदाच्या बहिणीला ऑकलंडच्या विमानतळावरून गाडीने आणलं, हॉल घेतला, सॅंडविच सांगितले. वाईट माणूस असता तर मला एवढी शिसारी आली नसती.

तुझा हार घातलेला फोटो, समई, पडद्यामागे हीट पंपचा आवाज. प्रशांत उभा राहिला. "नमस्कार, किया ओरा," असं माओरी रामरामासकट म्हणाला, शोकसभेत. मग तू किती अभ्यासू होतास, किती साधा होतास, जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून मंडळाच्या मीटिंगला यायचास, हे सगळं झालं. लोक हसले, डोळे पुसले. मग तो म्हणाला, "मुकुंदची काही मतं आपल्याला पटायची नाहीत, हे आपण सगळे जाणतो. पण माणूस शेवटपर्यंत शिकत असतो. त्याला शेवटी काय वाटलं, ते त्याच्याच आवाजात ऐकूया." आणि स्पीकरमधून तुझा तो खाली आलेला आवाज आला. दाई. अंगरखा. केस.

सुरुवात कापलेली. चहा कापलेला. "माझी बाजू झाली, आता शैलाची," हे तुझं वाक्य कापलेलं. शेवटचं "मला त्यांची किळस येते" मात्र ठेवलं होतं. माझं "हो, हेच माझं म्हणणं" पुन्हा कापलेलं.

वृंदा माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं. "हे चहानंतरचं आहे ना गं?" ती म्हणाली. पंधरा दिवसांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं सरळ वाक्य. मी हो म्हटलं.

मागच्या रांगेत हनीफभाई होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर जोडून. तुझा आवाज आला तसे ते रडायला लागले. शब्द कळत नव्हते, पण आवाज ओळखीचा होता. आजूबाजूचे लोक वळून वळून त्यांच्याकडे बघत होते, कुणी शरमेने, आणि एकदोघं, सांगताना तोंड कडू होतं मुकुंदा, मजेने. ते संपल्यावर मी मागे त्यांच्याजवळ जाऊन बसले. हनीफभाईंनी वाकून आपल्या फिजी हिंदीत विचारलं, मुकुंद काय बोलला, "बहिनी, मुकुंद भाई का बोलिस?"

काय सांगणार होते मी? "मेरी बात बोल रहे थे," मी म्हणाले.

"अच्छा बोलिस होई," चांगलंच बोलला असेल, असं म्हणून त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

मी उठून प्रशांतकडे गेले. हळू आवाजात म्हणाले, "प्रशांत, हे त्याचं मत नाही. तुला माहीत आहे. तू तिथे होतास. तो माझी बाजू मांडत होता."

"अहो ताई, मग तर चांगलंच आहे की," प्रशांत म्हणाला. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "तुमचं मत हेच आहे ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

तेवढ्यात त्याने माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "आता शैलाताई बोलतील. मुकुंदशी इतकी वर्षं त्या एकट्या लढल्या, आणि शेवटी त्याला पटवलंच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत, मुकुंदा. तुझ्या फोटोसमोर, तू मेल्याच्या आनंदात वाजाव्यात तशा.

या टाळ्यांची मला वाटते तेवढी किळस तैमूरच्या मनोऱ्यांचीही वाटली नव्हती. तैमूर मेलेला आहे. ही माणसं माझ्या मुलांच्या वाढदिवसाला येतात. माझ्या तोंडचं वाक्य त्यांना आवडलं होतं, पण दाईचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्यांना दाई हवी होती ती मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवायला. तुला हे कळत होतं का रे? म्हणून पिकनिकला माझा हात दाबायचास? की ते नुसतं तुझं भिडस्तपण होतं? विचारायचं राहिलं.

मी माइकजवळ गेले. आणि माझ्या लक्षात आलं, चहा न घेता तू गेलास तेव्हा तुझी बाजू मांडायची माझी पाळी राहिलेली आहे.

म्हणाले, "तुम्ही ऐकलंत ती माझी बाजू होती. मुकुंद ती माझ्यापेक्षा चांगली मांडायचा. ती मी मागे घेत नाही. पण आमचा नियम असा आहे की आता मी त्याची मांडायची." प्रशांत हसतच होता. मला तुझी जावा-सुमात्राची बाजू पाठ होती, मसाल्यांसकट. पण तोंडातून ती आली नाही. मी म्हणाले, "ती दाई कोण होती, हे तुम्ही विचारलं नाहीत. मीही विचारलं नव्हतं. बहुतेक कुठल्यातरी ख्रिश्चन खेड्यातून पळवून आणलेली मुलगी असणार. तिला बाटवलं असेल. ते वाईटच झालं. पण ती जेव्हा त्या मुलाचा अंगरखा हातात घेऊन बसली, तेव्हा ती कुणाला हाक मारत होती? तिला दुसरा देव उरला नव्हता. तिने अल्लाचंच नाव घेतलं असणार. सुलतानाची किळस तुमच्या आधी, माझ्या आधी, तिला आली, आणि ती मुसलमान होती. मुकुंद म्हणायचा, सुलतानांनी राज्यं पसरवली, धर्म असल्या माणसांनी जपला. त्या दाईच्या नावाने तुम्ही सुलतानाला शिव्या द्या, मीही देते. पण त्या शिव्या हनीफभाईंकडे बघून देऊ नका. ते दाईच्या बाजूचे आहेत."

आपलं नाव ऐकून हनीफभाई गोंधळून उठून उभे राहिले, त्यांना वाटलं बोलायला बोलावलं. वृंदाने उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना पुढे, आपल्या शेजारी आणून बसवलं. प्रशांतने माइक घेतला आणि समजूतदार आवाजात म्हणाला, "ताई आज खूप इमोशनल आहेत, आपण समजू शकतो. मागे सॅंडविच आहेत, प्लीज."

झालं. लोक सॅंडविचकडे गेले. एका मुलीने येऊन माझा हात दाबला, दोन जण माझी नजर चुकवून निघून गेले. मी कुणाचं मत बदललं असं समजू नकोस.

आणि ते रेकॉर्डिंग आता गावभर फिरतंय. काल ऑकलंडकडच्या पापाकुराहून माझ्या मावसबहिणीने मलाच पाठवलं, वर लिहिलेलं, एका अभ्यासकाचे डोळे उशिरा का होईना उघडले. "ऐक गं, किती सुंदर बोललाय," असं तिचं. सुंदर बोललायसच. मी पुन्हा ऐकलं. तुझा आवाज ऐकायला मिळतो म्हणून ऐकलं, आणि त्याचीही मला लाज वाटली. बहिणीला सगळं समजावून लिहिलं. तिने उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवलं.

तुझी बाजू मी बरी मांडली की पुन्हा दाढ काढली, हे सांगायला तू नाहीस. बोलून झाल्यावर मी माइकपाशी थोडा वेळ तशीच उभी होते. लोकांना वाटलं मला रडू आवरत नाही. मी वाट बघत होते रे, कुणीतरी "हो, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत बसायचं नसतं म्हणून. शेवटी वृंदाने बोलावलं तेव्हा येऊन बसले.

तुझ्या बाजूचं मी बघेन, जमेल तसं. पण माझी बाजू स्वच्छ मांडणारा या गावात एकच माणूस होता, आणि त्याला आम्ही पोचवून आलो. आता माझी बाजू प्रशांत मांडतो.